न विसरणारा दिवा

"आली. पुन्हा आली," हेडफोनमधून निरंजनचा आवाज आला. "कोंबडी बाजारात शिरते ना, बरोबर तिथेच. खर्रकन."

मी वाचता वाचता थांबले. समोर माईक, चहूबाजूंनी भिंतींना टांगलेल्या गोधड्या, डोक्यावर मुद्दाम बंद ठेवलेला पंखा. सांगलीतल्या आमच्या फ्लॅटची ही मुळात अडगळीची खोली. निरंजनने तिचा रेकॉर्डिंगचा बूथ केला होता. तो स्वतः बाहेर हॉलमध्ये टेबलाशी बसायचा. माईकची वायर बूथच्या दाराखालच्या फटीतून त्याच्यापर्यंत जायची, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्या फटीत एक जुना टॉवेल गुंडाळून कोंबलेला असायचा.

"बांगडी वाजली का?" त्याने विचारलं.

"बांगड्या सकाळीच काढल्यात."

"मंगळसूत्र?"

"तेही काढलंय. आता काय कानातली काढू?"

"चिडू नकोस गं. तोंड कोरडं पडत असेल. बाळंतपणानंतर होतं तसं. पाणी पी आणि परत घे."

जणू याची तीन बाळंतपणं झाली होती! मी पाणी प्यायले. पायाच्या अंगठ्यात अडकवलेली दोरी दोनदा ओढली. ही दोरी त्याच फटीतून बाहेर जाऊन शेजारच्या बेडरूममधल्या गार्गीच्या पाळण्याला बांधलेली होती. गार्गी आठ महिन्यांची. पाळणा थांबला की हिचे डोळे उघडलेच, आणि डोळे उघडले की घसाही उघडलाच. म्हणून मी वाचायचे तोंडाने आणि झोके द्यायचे पायाने. सहा पानांची गोष्ट होती. हरवलेल्या कोंबडीची. त्या दिवशी मी ती पाच वेळा वाचली आणि पाचही वेळा कुठे ना कुठे ती खरखर आलीच.

आता गार्गी अकरावीत आहे, आणि तो पाळणा कुणाकुणाच्या घरी फिरून कुठे गेला ते मलाही ठाऊक नाही. ती गोष्ट मात्र अजून तोंडपाठ आहे.

पुण्याच्या एका प्रकाशिकेला लहान मुलांच्या गोष्टी ध्वनिरूपात काढायच्या होत्या. वर्षभराचं काम. तिने निरंजनला सांगितलं होतं, "दोन आवाजांत एकच गोष्ट पाठवा. शनिवारी ऐकून कुठला घ्यायचा ते कळवते." दोन आवाज म्हणजे एक माझा आणि एक ऋजुता इनामदारचा.

गार्गीच्या आधी या स्टुडिओत दुसरा बायकी आवाजच नव्हता. सांगलीत रिक्षावरून जे जे म्हणून पुकारलं जायचं, साड्यांचा सेल, पतसंस्थेचं उद्घाटन, हरवलेला पोपट, त्यातलं निम्मं माझ्या तोंडून निघालेलं असायचं. फिजिक्समधली बी.एस्सी. झाले होते, पण मंडईत मला भाजीवाल्या ओळखायच्या त्या आवाजावरून. सातव्या महिन्यात श्वास पुरेना, तेव्हा निरंजन म्हणाला, "तात्पुरती एक मुलगी बघितलीय. नाट्यस्पर्धेत बक्षीस आहे तिला." ती तात्पुरती मुलगी वर्ष होत आलं तरी येतच होती. कानामागून आली नि तिखट झाली, म्हणतात ते असं.

आणि तिच्या टेकमध्ये खरखर नसायची. कधीच नाही. तोच माईक, तीच वायर, तीच खोली. हातात डझनभर बांगड्या घालून ती आत जायची, एका दमात गोष्ट वाचून बाहेर यायची आणि विचारायची, "झालं ना, सर?"

मला ती वहिनी म्हणायची. मग निरंजनला दादा म्हणायला काय हरकत होती? पण नाही. मी वहिनी आणि तो सर. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मोजून ठेवलं होतं. ती आली की तो आधी वायर हातावरून नीट सोडवून द्यायचा, माईक तिच्या उंचीला लावायचा, हेही मी बघून ठेवलं होतं. माझ्या वेळेला "तू लाव गं, तुला येतं." मला येतं, हा जणू माझाच दोष.

त्या दिवशी पाचवा टेक फुकट गेल्यावर ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याच डब्यातली शंकरपाळी खात होती. म्हणाली, "वहिनी, दमलाय तुम्ही. सर, उद्या घ्या ना यांचं."

माझ्या नवऱ्याला माझी शिफारस हिने करायची!

"मी दमलेली नाही," मी म्हटलं. "वायर खराब आहे."

"वायर खराब असती तर ऋजुताच्या टेकमध्ये पण आली असती," निरंजन म्हणाला. साधंच बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते साधं बोलणंच मला जास्त लागलं, कारण ते बरोबर होतं.

मग एक भलताच विचार माझ्या डोक्यात शिरला. घरात माईकच्या सारख्याच दिसणाऱ्या तीन वायरी होत्या. तिच्या वेळी चांगली आणि माझ्या वेळी वाईट, असं होत नसेल कशावरून? मुद्दाम नाही हो, मुद्दाम नाही. पण माणसाचा हात आपोआपच आवडीच्या माणसासाठी चांगली वस्तू उचलतो. मी नाही का पोळ्या वाढताना फुगलेली पोळी त्याच्या ताटात टाकत?

दुसऱ्या दिवशी गार्गीला पोटाशी बांधलं आणि बसने मिरजेला गेले. निरंजनला सांगितलं, डोस द्यायला नेतेय.

वाद्यांच्या दुकानांच्या गल्लीत साऊंडचं सामान विकणारं एक दुकान होतं. काउंटरवरच्या मुजावर नावाच्या तरुणाने गार्गीकडे बघून आधी पंखा तिच्याकडून वळवला, मग विचारलं, "बोला ताई."

"वायर तपासायचं यंत्र पाहिजे. माईकच्या वायरचं."

"टेस्टर? हा घ्या की." त्याने तळहाताएवढी प्लास्टिकची डबी पुढे ठेवली. "वायरचं हे टोक इकडं, ते टोक तिकडं. तीन पिना, तीन दिवे. तिन्ही हिरवे लागले, वायर बरी. एखादा नाही लागला, ती तार तुटली. पोरगं पण करंल."

"आणि वायर कधी बरी, कधी वाईट असेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे क्षणभर तुटते आणि परत जुळते. आपण दिव्याकडे बघेपर्यंत परत हिरवी. मग?"

तो हसला. "साहेबांना फोन लावा ना. नेमका कुठला पाहिजे ते त्यांनाच विचारू."

"साहेबांना मी इथे आलेलंच माहीत नाही."

"असं व्हय!" त्याने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं आणि मागच्या फडताळातून पत्र्याचा एक जड डबा काढला. "मग हा बघा. पण महाग पडंल, आणि घरगुती कामाला एवढा कशाला?"

"दुकानात एखादी खराब वायर असेल ना? ती या दोन्हींना लावून दाखवा."

खराब वायर दुकानात नसणार तर कुठे असणार! त्याने दुरुस्तीला आलेली एक काढली. आधी छोट्या डबीला लावली. तिन्ही दिवे हिरवे. मी वायर हातात घेऊन पिनेपाशी वाकवली. एक दिवा लवला, परत लागला. त्याच वेळी गार्गीने माझी वेणी ओढली असती तर मला तो लवलेला दिसलाही नसता. मग वायर मोठ्या डब्याला लावली, वाकवली. मधल्या दिव्याशेजारी एक लाल दिवा पेटला. वायर सरळ केली. हिरवा परत आला, पण लाल तसाच.

"हा विझत नाही का?"

"बटन दाबल्याबिगर नाही. एकदा तुटलेलं बघितलं, की हा विसरत नाही."

"हाच द्या," मी म्हटलं. मला त्या दिवसांत न विसरणाऱ्या वस्तू आवडत होत्या.

घरी आल्यावर डायनिंग टेबलावर तिन्ही वायरी मांडल्या. ऋजुता होतीच. दूधसंघाची जाहिरात होती तिची. निरंजन डबा उलटसुलट करून बघत होता. "छान आहे गं. पण डोस द्यायला गेली होतीस ना?"

"दिला," मी म्हटलं. "आता यांना देते."

ऋजुता खो खो हसली. मी हसले नाही. पहिली वायर लावली. हिरवे तीन. वाकवली, झटकली, पिनेपाशी पिळली. हिरवेच. दुसरी. तिसरी. लाल दिवा एकदाही पेटला नाही. मी बटण दाबून परत सगळ्या लावल्या. तिन्ही वायरी सोन्यासारख्या.

निरंजनने शेवटची वायर डब्यातून काढून गुंडाळली आणि हळूच म्हणाला, "बघ. म्हणजे..." पुढचं त्याने गिळलं.

"म्हणजे मीच," मी म्हटलं.

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालास?"

गार्गी रडायला लागली म्हणून बरं झालं. मी उठून आत गेले. बाहेरून ऋजुताचं अगदी हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं, "सर, नका ना बोलू त्यांना." पाळण्याची कडी धरून मी तशीच उभी राहिले. निरंजन रागावला असता तर मी भांडले असते. पण तिने माझी बाजू घेतली होती, तिथे मी भांडणार कुणाशी?

शुक्रवार उजाडला. दुपारी माझा टेक घेऊन संध्याकाळी पुण्याला पाठवायचा होता; ऋजुताचा आधीच गेला होता. निरंजन सकाळी बँकेत गेला होता. बूथमध्ये वायर आदल्या दिवशीच अंथरून ठेवलेली होती, दाराखालून, टॉवेलखालून, हॉलपर्यंत. तिच्याकडे बघताना मला कॉलेजातल्या प्रयोगशाळेची आठवण झाली. टेबलावर वस्तू बरी असते आणि जागेवर बसवली की बरी नसते, हे तर आम्ही पहिल्या वर्षाला शिकलो होतो. मी वायर तपासली होती ती सोडवून, हातात घेऊन. ती जिथे पडलेली असते तिथे कुठे तपासली होती?

ती न हलवता हॉलमधलं टोक डब्याला लावलं. माईककडच्या टोकाला दुसरी, तपासलेली वायर जोडली आणि ती दार उघडून वरच्या बाजूने फिरवून डब्याच्या दुसऱ्या भोकात आणली. मग दार लावलं. तिन्ही हिरवे. दारावर थाप मारली, हिरवे. बूथमध्ये जाऊन उड्या मारल्या, बाहेर येऊन बघितलं, हिरवेच.

तेवढ्यात गार्गी कुरकुरली. मी हॉलमधूनच आवाज दिला, "आले गं बाई." तिने ऐकलं नाही. मी बूथच्या दाराशी वाकून आतली दोरी धरली आणि नेहमीसारखी ओढली. एक, दोन. ती जोरात रडली म्हणून तिसऱ्यांदा जरा हिसका दिला.

डब्यावर लाल दिवा पेटला होता.

मी बटण दाबलं. विझला. दोरी हळू ओढली. काही नाही. हिसका दिला. लाल. टॉवेल उचलून बघितला. दोरी टॉवेलमध्ये रुतली होती. जोरात ओढली की टॉवेलसकट वायर ओढली जायची, आणि दाराच्या कडेशी तिला असा ताण बसायचा की पिनेतली एक तार, जी हाताने पिळून दाद देत नव्हती, ती क्षणभर सुटायची. गार्गी शांत असली की मी हळू झोका देणार, खरखर नाही. ती जागी व्हायला लागली की हिसका, आणि खरखर.

मी तिला घेऊन पाळण्याशी जमिनीवर बसले. हसावं की रडावं कळेना. आवाज बरा होता. तोंड कोरडं पडत नव्हतं. माझाच पाय होता.

जिन्यात चपला वाजल्या. निरंजन आणि त्याच्यामागे ऋजुता. ही आत्ता कशाला?

"पुण्याहून फोन होता," निरंजन म्हणाला. "शेवटच्या पानाला ऋजुताने जरा घाई केलीय म्हणतात. तेवढं परत घेतो, मग तुझं. डबा काढला होतास का परत? ठेव तो. मी वायर लावतो."

मी काही बोलायच्या आत त्याने डब्यातून वायर काढून आपल्या यंत्राला लावली आणि आतलं टोक परत माईकला जोडलं. ऋजुता बांगड्या सावरत बूथमध्ये गेली. जाताना दोरीचं टोक पायात येऊ नये म्हणून तिने ते भिंतीकडे सरकवलं. दार लागलं. टॉवेल कोंबला गेला. आणि निरंजन, हेडफोन घालता घालता, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "गार्गीकडे बघ हं."

मी बेडरूममध्ये पाळण्याशी बसले. तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला बसायचे तशीच. एका हाताने पाळण्याची कड धरून हळूहळू झोके. दोरीचं एक टोक पाळण्याला होतं आणि दुसरं दाराखालून, टॉवेलमधून, ऋजुताच्या पायाशी. मधला सगळा भाग माझ्यासमोर जमिनीवर सैल पडला होता.

तिचा आवाज दारातून अस्पष्ट येत होता. कोंबडी घरी परतते ते पान. मी दोरीकडे बघत होते. इथून एक हिसका. फक्त एक. वायर आता डब्याला जोडलेली नव्हती, कुणाला कळलं नसतं. "आली," निरंजन म्हणाला असता. "ऋजुता, तुझ्यात पण आली." मग दोघी सारख्या. मी दोरी उचलली. खरंच उचलली. हातात ती गार लागली.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी दोरी डाव्या हाताने उचलली होती, कारण उजवा पाळण्यावर होता.

ऋजुताच्या टेकमध्ये कधीच खरखर नव्हती. का असेल? ती वाचत असताना पाळण्यापाशी मी असायचे. तिला दोरी लागतच नव्हती. ती आत जायची ती तोंड, घसा, श्वास आणि दोन मोकळे पाय घेऊन. वर्षभर मी शोधत होते की हिच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही.

तिच्याकडे मी होते.

मी दोरी खाली ठेवली. आतून ऋजुता म्हणाली, "झालं ना, सर?"

"एकदम!" निरंजन म्हणाला. "ये बाहेर. हेमांगी, चल, तुझं."

"निरंजन, उठ," मी बेडरूमच्या दारातून म्हटलं.

"हं?"

"इकडे येऊन पाळण्याशी बस."

"मी? आणि रेकॉर्डिंग?"

"यंत्र सुरू करून ठेव. ते काय पळून जातंय? तिकडे ऋजुता बसेल."

"अगं, पण ती दोरी आहे की..."

मी त्याला दाराशी नेलं. वायरची दोन्ही टोकं सकाळसारखी परत डब्याला जोडली, दोरीला हिसका दिला. लाल दिवा पेटला. दोरी सोडली. लाल दिवा तसाच. निरंजन वाकून बघत राहिला. त्याने एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा दोरीकडे, एकदा पाळण्याकडे. त्याचे कान लाल झाले.

"मी म्हणत होतो तोंड कोरडं पडतंय," तो पुटपुटला.

"हो. आणि मंगळसूत्र."

ऋजुता दाराशी उभी होती. तिला आमच्या दोघांपेक्षा लवकर कळलं. हळूच म्हणाली, "वहिनी, म्हणजे माझ्या वेळेला तुम्ही आत..." आणि थांबली. मग डझनभर बांगड्या काढून तिने डायनिंग टेबलावर ठेवल्या, हेडफोन घातला आणि निरंजनच्या खुर्चीत बसली. "जा तुम्ही. खरखर आली तर मी हात वर करते. नाही आली तर काहीच करणार नाही."

मी दोरी पाळण्यापासून सोडून टाकली. वायर बदलली. बूथमध्ये गेले. पायाचा अंगठा सवयीने वळत होता, त्याला दुसऱ्या पायाखाली दाबून ठेवला. सहा पानं वाचली. मध्ये गार्गी एकदा कुरकुरली असावी, कारण निरंजनचा दबका, बेसूर आवाज आला, "जो जो, बाई, जो जो." बाहेर आले तेव्हा ऋजुता नुसती बसली होती. दोन्ही हात मांडीवर.

शनिवारी पुण्याहून फोन आला. काम ऋजुताला मिळालं. लहान मुलांना तिचा आवाज जवळचा वाटेल, म्हणाल्या. माझा टेक स्वच्छ होता, उत्तम होता, मोठ्यांच्या पुस्तकांसाठी नक्की लक्षात ठेवू.

"तुझा टेक स्वच्छ होता," निरंजनने परत सांगितलं. समजूत काढायला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "तिचं रेकॉर्डिंग कधी सुरू?"

"मंगळवारपासून. तू असशीलच ना गार्गीपाशी?"

सोमवारी मी बाजारातून दुप्पट लांबीची दोरी आणली. एक टोक पाळण्याला बांधलं आणि दुसरं, बूथच्या दाराच्या वाटेला न जाता, भिंतीकडेने थेट हॉलमध्ये नेलं. मंगळवारी ऋजुता आली, तेव्हा निरंजन एका स्टुलावर बसला होता आणि त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात दोरी होती. ती हसून हसून दारातच बसली. "सर! शोभतंय तुम्हाला!"

"ये आत," तो म्हणाला. "आजपासून तुझा टेक वहिनी घेणार आहेत."

मी त्याच्या खुर्चीत बसले, हेडफोन घातला. तोवर मी तिला नेहमी दारातून, पाळण्याच्या करकरीतून, अर्धवट ऐकलं होतं. आता ती सरळ कानात आली. पहिल्या ओळीलाच कोंबडी रस्ता चुकली आणि मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. एवढा मऊ, एवढा विश्वास टाकणारा आवाज. मला तिचा हेवा वाटला. तिच्या बांगड्यांचा नाही, सर म्हणण्याचा नाही, मोकळ्या पायांचा नाही. नुसत्या आवाजाचा. मी कान देऊन ऐकत राहिले. कुठेही खरखर नव्हती.